लक्ष्मणरावांची आठवण ठेवायची तर फाळासकट ठेवा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

२० जून ही लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांची जयंती आणि २६ सप्टेंबर ही पुण्यतिथी. या तारखांच्या आगेमागे मराठी वृत्तपत्रांत त्यांच्यावर जे छापून येते ते बहुतेक ठरलेले असते. चित्रकार व्हायला निघालेला मुलगा, रंग ओळखण्यातला दोष, सायकलचे दुकान, निवडुंगाच्या माळावर उभा केलेला कारखाना, आणि शेवटी तरुणांनी आदर्श घ्यावा हे वाक्य. यातले खोटे काहीच नाही. पण ज्या वस्तूवर हा माणूस आणि त्याचे घराणे उभे राहिले, तो लोखंडी नांगर या लेखांत एका ओळीत उरकलेला असतो. त्यात अवघड काय होते, तो आधी का खपेना आणि मग का खपला, हे वाचायला मिळत नाही. ओतकाम आणि शेतीची अवजारे यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या आम्हा काही वाचकांना ते सांगावेसे वाटते. पत्र लांबले आहे. जागेअभावी कापावे लागलेच तर चरित्राचा भाग कापा, नांगराचा ठेवा.

चरित्र म्हणून आवश्यक तेवढेच सांगतो. जन्म १८६९, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर. (संगीत नाटकवाले अण्णासाहेब किर्लोस्कर याच गावचे. दोघांची गल्लत अजूनही होते.) १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर चित्रकला सोडून यांत्रिक रेखाटनाकडे वळले, आणि पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. १८८८ मध्ये थोरले बंधू रामुअण्णा यांच्याबरोबर बेळगावात सायकलचा धंदा सुरू केला. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे, रामुअण्णा त्या विकायचे. सायकल ७०० ते १००० रुपयांना आणि चालवायला शिकवण्याची फी १५ रुपये, असा तो काळ. संस्थेत बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियनाला जागा दिली गेली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. आधी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात लोखंडी नांगर, असा क्रम.

या कहाणीत चित्रकला सुटली याची हळहळ फार केली जाते. आमच्या मते महत्त्वाची गोष्ट पुढची आहे, ती म्हणजे यांत्रिक रेखाटनाचा हात. वस्तू समोरून, वरून आणि बाजूने अशी तीनदा काढायची, प्रत्येक माप लिहायचे, म्हणजे ती वस्तू डोळ्यांनी न पाहिलेल्या सुतारालाही करता येते. गावचा लोहार नजरेने काम करतो आणि उत्तम करतो, पण त्याचे दोन फाळ एकसारखे नसतात. शंभर नांगर विकले आणि प्रत्येकाला पुढच्या वर्षी कारखान्यातला कुठलाही फाळ बसला पाहिजे असे ठरवले, की नजर पुरत नाही. तिथे कागद लागतो.

आता नांगर. आपला लाकडी नांगर म्हणजे बाभळीचे खोड, त्याला पुढे इसाड (बैलांकडे जाणारा लांब दांडा), मागे रुमणे (धरायचा दांडा), आणि पुढे लोखंडी कड्यात अडकवलेला पट्टीसारखा फाळ. तो माती फाडतो, उलटवत नाही. त्याचे तास, म्हणजे नांगरलेली चर, वर रुंद आणि खाली निमुळते पडते, म्हणून दोन तासांच्या मध्ये न नांगरलेला वरंबा शिल्लक राहतो. तो मोडायला आडवी नांगरट करावी लागते, तरीही खाली काही भाग राहतोच. काळ्या रानात हराळी आणि कुंदा ही तणे नेमके या राहिलेल्या भागात जगतात. त्यांची मुळे आणि गड्डे खोलवर असतात, वरून फाडले तर तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा नव्याने फुटतो. ज्यांनी कुंद्याने भरलेले रान पाहिले आहे त्यांना ही कटकट वेगळी सांगायला नको.

लोखंडी नांगराचे काम तीन भागांत वाटलेले असते. फाळ खालून आडवे कापतो. त्याच्या मागची वळणदार फळी कापलेली मातीची वडी उचलून उताणी करते. आणि डाव्या अंगाची सपाट पट्टी न नांगरलेल्या मातीच्या भिंतीला टेकून चालते, म्हणून वडी उलटवताना नांगर बाजूला ढकलला जात नाही. हे तिन्ही भाग एका बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) सांगाड्यावर बोल्टने बसवलेले असतात, आणि सांगाडा इसाडाला. तासाचा तळ सपाट निघतो, मध्ये वरंबा राहत नाही, आणि उन्हाळ्यात नांगरले तर कुंद्याचे गड्डे उताणे होऊन उन्हात वाळतात. हलक्या नांगराला बैलांची एक जोडी पुरते, कुंदा काढायच्या जड नांगराला तीन-चार जोड्या जुंपाव्या लागतात.

हा नांगर पहिल्यांदा हाती आलेल्या शेतकऱ्याला काय काय त्रास होत असेल, हे आजही जुना नांगर रानात नेला की कळते. नांगर उलटा करून फाळाच्या टोकापासून मागच्या टाचेपर्यंत सरळ पट्टी धरा. पट्टी आणि नांगर यांच्यात मध्यावर एक-दोन सुतांची (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फट दिसली पाहिजे. तेवढ्या फटीमुळे टोक खाली बघते आणि नांगर आपोआप जमिनीत शिरतो. टोक झिजले की ही फट संपते आणि नांगर वरवर घसरत जातो. मग नांगऱ्या रुमण्यावर अंगाचा भार टाकतो, त्याने टोक उलट वरच उचलले जाते, बैल दमतात आणि दोष नांगराला लागतो.

दुसरी चूक साखळीची. इसाडाच्या पुढच्या टोकाला कडी वर-खाली सरकवायची सोय असते. कडी वरच्या भोकात घातली की नांगर खोल जातो, खालच्या भोकात घातली की उथळ चालतो. साखळी फार आखूड असली तर बैलांची ओढ नांगराला उचलते, ती लांबवली की तो खाली बसतो. कडी आडवी सरकवली तर तासाची रुंदी बदलते. लाकडी नांगराला जू इसाडावरच बांधलेले असते, म्हणून हे सगळे शेतकऱ्याला अगदी नवे होते. बैल उंच आणि साखळी आखूड असेल तर कितीही चांगला नांगर चालणार नाही, हे कोणीतरी बांधावर उभे राहून दाखवावे लागते.

तिसरी अडचण मातीची. वाफसा नसेल, रान ओले असेल, तर काळी माती फळीला चिकटते. वडी उलटायच्या ऐवजी पुढे ढकलली जाते आणि ओढ दुप्पट वाटते. फळी आरशासारखी घासलेली असेल तर माती घसरते. पण रात्रभर दवात पडून तिच्यावर गंजाचा पातळ थर आला, की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिकटाचिकटी. म्हणून जुने नांगरे काम संपल्यावर फळी पुसून तिला एरंडेलाचा किंवा वंगणाचा हात देत. हा दोन मिनिटांचा रिवाज ज्या घरात होता, तिथला नांगर पंचवीस वर्षे चालला.

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. फाळ हा नांगराचा सर्वांत स्वस्त भाग, आणि करायला सर्वांत कठीण. साध्या राखाडी बिडाचा फाळ मुरमाड जमिनीत भराभर झिजतो. सगळा कठीण करावा तर बीड काचेसारखे ठिसूळ होते आणि पहिल्या दगडाला टोक तुटते. यावरची युक्ती इंग्लंडमधल्या इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये काढली, आणि पुढे बिडाच्या फाळाची जगभरची पद्धत तीच झाली. साचा वाळूचाच करायचा, पण फाळाच्या खालच्या अंगाला जिथे धार हवी तिथे वाळूऐवजी लोखंडाचा ठोकळा ठेवायचा. ओतकामवाले त्याला चिल म्हणतात. वितळलेले बीड त्या ठोकळ्याला लागले की झटकन गोठते, त्यातला कार्बन ग्राफाइट होऊन सुटा पडायला वेळ मिळत नाही, आणि तेवढा थर पांढरा, अतिशय कठीण होतो. वरचे अंग वाळूत हळू थंड होते, म्हणून राखाडी आणि चिवट राहते. रानात चालताना वरचे मऊ अंग आधी झिजते, खालचे कठीण अंग पुढे राहते, आणि धार आपली आपणच लागत राहते.

वाचायला सोपे आहे. ओतशाळेत मात्र प्रत्येक पायरीला घात असतो. बिडात सिलिकॉन जास्त झाला तर चिल धरतच नाही, म्हणजे पांढरा थर होतच नाही, कमी झाला तर पांढरा थर आरपार जातो आणि फाळ ठिसूळ होतो. त्यासाठी भट्टीतून पहिले लोखंड आले की पळीभर घेऊन पाचरीच्या आकाराचा एक तुकडा ओततात, थंड करतात, मोडतात. मोडलेल्या तोंडावर टोकाकडे पांढरे चकचकीत आणि मागे राखाडी दिसते. पांढरे किती आत गेले ते पाहून भट्टीचा पुढचा घाणा ठरतो. पांढरे फार असेल तर सिलिकॉन असलेले पिग आयर्न (कच्चे लोखंड) वाढवायचे, कमी असेल तर जुने झिजलेले फाळ किंवा पोलादाचे तुकडे टाकायचे. प्रयोगशाळा नसलेल्या काळात हा मोडलेला तुकडा हीच प्रयोगशाळा होती, आणि लहान ओतशाळांत आजही आहे.

चिलवर ओल असली तर बीड ओतताच वाफ होते आणि धारेवरच भोके पडतात. पावसाळ्यात हे हमखास. म्हणून चिल आधी कोमट करून घेतात आणि त्यावर काजळीचा किंवा ग्राफाइटचा पातळ हात देतात. वाळूची ओल मुठीत दाबून बघायची. मूठ उघडल्यावर बोटांचे ठसे स्पष्ट राहिले आणि गोळा मधोमध स्वच्छ मोडला तर बरोबर, हाताला पाणी लागले तर ब्लो होल (वाफेने पडलेली भोके) ठरलेले. साचा घाईने फोडला तरी घात होतो. पांढरे बीड आणि राखाडी बीड सारखे आक्रसत नाही, त्या ताणाने गरम फाळ हवेवर आला की चिरतो. वाळूतच निवू द्यावा लागतो, आणि मालाची मागणी तुंबलेली असताना ते सोपे नसते.

आणि भोके. पांढऱ्या बिडात ड्रिलने भोक पडत नाही, बिटच खराब होतो. म्हणून बोल्टची चौकोनी भोके ओततानाच साच्यात कोअर (भोकाच्या आकाराचा वाळूचा गाभा) ठेवून काढावी लागतात. कोअर एक सूत जरी हलली तर भोके सांगाड्याशी जुळत नाहीत. शेतकरी मग छिन्नी घेऊन भोक मोठे करायला जातो आणि नवा फाळ दुभंगतो. शिवाय बीड थंड होताना फुटाला साधारण एक सूत आक्रसते, म्हणून लाकडी पॅटर्न, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना, तेवढा मोठा करावा लागतो. पॅटर्न करणाऱ्या सुताराची फूटपट्टीच वेगळी असते, तिच्यातला फूट खऱ्या फुटापेक्षा सुताभर लांब असतो. रेखाटन शिकवणारा माणूस या धंद्यात का टिकला, याचे उत्तर आम्हाला इथे दिसते.

शेतकऱ्यांनी सुरुवातीला हा नांगर घेतला नाही. लोखंडाने जमिनीत विष पसरते असा समज होता, आणि पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली, हे सर्वच चरित्रांत येते. लेखांमध्ये हा प्रसंग शेतकऱ्यांच्या अडाणीपणावर हसण्यासाठी वापरला जातो. आम्हाला ते पटत नाही. पहिल्यांदाच खोल नांगरट करून पोटातली कच्ची माती वर आणली, तर त्या वर्षी पीक बसू शकते. वरच्या चार बोटांत शेणखताची, सेंद्रिय मातीची जी काही पुंजी असते ती खाली गाडली जाते. शेजाऱ्याचे असे एक पीक बसलेले ज्याने पाहिले, तो लोखंड विषारी आहे असेच म्हणणार. त्याचे कारण चुकले, निरीक्षण चुकले नव्हते. शिवाय लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार बलुत्यात दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराचा फाळ तुटला तर ऐन हंगामात कुठे जायचे? हा प्रश्न अडाण्याचा नाही, हिशेबी माणसाचा आहे. लक्ष्मणरावांचा धंदा चालला तो या प्रश्नाला उत्तर मिळाल्यावर. फाळ वेगळा मिळतो, दोन बोल्ट काढून घरी बदलता येतो आणि बसतो. ज्या नांगराचा सुटा भाग मिळत नाही तो शेतकऱ्याच्या दृष्टीने भंगारच असतो.

बेळगावात नगरपालिकेच्या निर्बंधांमुळे कारखाना हलवावा लागला. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १०,००० रुपये बिनव्याजी कर्ज आणि जागा दिली, आणि १९१० मध्ये कुंडल रोड या आडवळणाच्या स्टेशनाजवळ ३२ एकरांच्या माळावर किर्लोस्करवाडी सुरू झाली. निवडुंग आणि नाग यांची वर्णने सगळ्यांनी केली आहेत, त्यात आम्ही भर घालत नाही. स्टेशनाकडे मात्र लक्ष द्यायला हवे. ओतशाळेला लागणारा कोक आणि पिग आयर्न दुरून येतो, दोन्ही जड, आणि तयार नांगरही जड. बैलगाडीने ही ने-आण परवडली नसती. माळ फुकटात मिळाला तरी रेल्वेपासून वीस मैलांवर असता तर तो महागच पडला असता.

सुरुवातीचे २५ कामगार कुटुंबांसह तिथे राहायला गेले. शिक्षा भोगून आलेल्या दोघांना रात्रीच्या राखणीला ठेवले आणि त्यांनी ते काम विश्वासाने केले. अस्पृश्यतेला वाडीत थारा नव्हता. लक्ष्मणराव प्रेमळ होते असे म्हणून हा भाग सोडून देणे आम्हाला अपुरे वाटते. रिकाम्या माळावर कुशल माणूस टिकवायचा तर घर, पाणी, शाळा आणि शेजार यांची सोय धंद्याच्या हिशेबात धरावीच लागते. एक चांगला मोल्डर (वाळूचे साचे करणारा कारागीर) सोडून गेला तर नवा तयार व्हायला काही वर्षे लागतात, कारण वाळू किती ठोकायची हे त्याच्या हाताला ठाऊक असते. कमी ठोकली तर ओतीव भाग फुगतो, जास्त ठोकली तर वाफ अडकते.

घराण्याचा धंदा म्हणतो तेव्हा त्यात घराबाहेरचीही माणसे होती. हिशेबाला मंगेशराव रेगे, यंत्रांना शंभूराव जांभेकर, विक्री आणि व्यवस्थेला के. के. कुलकर्णी, आणि शाळा अर्धवट सुटलेले पण कल्पक डोक्याचे अनंतराव फळणीकर. पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. तिचे पुढे नामांकित मासिक झाले, मुळात ती कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत नेणारी पत्रिका होती. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत एम. आय. टी.त अभियांत्रिकी शिकून आले. नांगरामागोमाग उसाचे चरक, शेंगा फोडण्याचे यंत्र, पंप असा माल वाढत गेला. १९४८ च्या जाळपोळीत वाडीच्या कारखान्याचे नुकसान झाले, तो पुन्हा उभा राहिला. १९५६ मध्ये लक्ष्मणराव गेले. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्याच्या मॉडेल कॉलनीत 'लकाकि' नावाचा रस्ता आहे. ती आद्याक्षरे कोणाची हे तिथे राहणाऱ्यांना विचारून पाहावे.

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहिले ते. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमाभागात गोठ्यांच्या वळचणीला जुने लोखंडी नांगर अजून पडून आहेत. ट्रॅक्टर आल्यापासून ते कोणाला लागत नाहीत. काही भंगारवाल्याकडे किलोवर जातात. काही गावांत हौसेने चौकात उभे करतात, आणि ते दुसरे संकट आहे. नांगर सिमेंटच्या चौथऱ्यात गाडतात, वरून चंदेरी रंग फासतात. लोखंड जिथे सिमेंटमधून बाहेर येते त्या रेषेवर पावसाचे पाणी थांबते आणि नांगर नेमका तिथे कुजतो. रंगाखाली ओतलेली अक्षरे बुजतात, ती वेगळीच.

कोणाच्या घरी असा नांगर असेल तर हलवण्याआधी फोटो काढा, शेजारी फूटपट्टी ठेवून. घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा: कधी घेतला, कुठून आणला, किती बैल लागायचे, कोणत्या रानात चालायचा. ग्राइंडर लावू नका. माती ओली करून मऊ ब्रशने काढा. बिडाच्या भागांवर नाव किंवा क्रमांक ओतलेला असू शकतो, तो गंजात दिसत नसेल तर खडूची पूड चोळा आणि अंधारात बॅटरीचा झोत आडवा धरा, अक्षरे उठतात. गंजलेल्या बोल्टवर हातोडा मारू नका, बीड तडकते. नटाभोवती रॉकेल किंवा डिझेल सोडून दोन दिवस थांबा, पुन्हा सोडा, मग योग्य मापाचा पाना लावा. तरी नाही सुटला तर तसाच राहू द्या. बिडाला जुनी चीर असेल तर वेल्डिंगवाल्याकडे नेण्याची घाई नको. साध्या रॉडने आणि भाग आधी न तापवता केलेले वेल्डिंग शेजारी नवी चीर पाडते.

साफ झाल्यावर लोखंडाला कच्च्या जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात द्या आणि जादाचे तेल पुसून घ्या, नाहीतर चिकट थर बसून धूळ धरतो. वाळवी लागलेले लाकडी रुमणे किंवा इसाड बदलून नवे बसवू नका. वाळवीचे औषध मारून तेच ठेवा. नांगर छपराखाली, विटांवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवा, म्हणजे खालून हवा फिरते.

आणि झिजलेला फाळ टाकून देऊ नका. लोक प्रदर्शनासाठी म्हणून नांगराला नवा किंवा दुसऱ्याच नांगराचा फाळ बसवतात, तो चांगला दिसतो म्हणून. पण सांगण्यासारखे सगळे झिजलेल्या फाळात असते. टोक एका अंगाने जास्त झिजले असेल तर कडी कुठे लावत होते ते कळते. धार अजून बारीक असेल आणि वरचे अंग खोलगट झाले असेल तर चिल चांगली धरली होती. टोक तुटलेले असेल तर तोंडावर पांढरे किती, राखाडी किती, हे शंभर वर्षांनंतरही भिंगाने दिसते. त्या माणसाच्या ओतशाळेत कसले काम होत होते याची साक्ष यातून मिळते, भाषणातून मिळत नाही.

लाकडी पॅटर्न तर याहून दुर्मिळ. जुन्या सुतारांच्या माळ्यावर, बंद पडलेल्या ओतशाळांच्या कोपऱ्यात ते जळण म्हणून पडलेले असतात. गुळगुळीत घासलेले, कडा गोलवलेले, बाजूंना किंचित उतार दिलेले आणि बहुधा लाल किंवा काळ्या रंगाचे लाकूड दिसले, की चुलीत घालण्याआधी एखाद्या मोल्डरला दाखवा. तो उतार पॅटर्न वाळूतून न फाटता निघावा म्हणून दिलेला असतो, फर्निचरच्या लाकडाला तसा कधीच नसतो.

आपल्या वृत्तपत्राला विनंती एवढीच, की पुढच्या २० जूनला हार घातलेल्या तसबिरीबरोबर नांगराचे एक साधे रेखाचित्रही छापावे: समोरून, वरून, बाजूने, भागांची नावे आणि मापे घालून. गावोगावी इसाडाला, रुमण्याला आणि कडीला वेगवेगळी नावे आहेत, ती वाचकांकडून मागवावीत. जुन्या नांगरांच्या फोटोंबरोबर फाळाचे वजनही कळवायला सांगावे. साध्या भाजीच्या काट्यावर ते होते.

आपले,
ओतकाम आणि शेतीअवजारांच्या कामातले काही वाचक
पलूस तालुका, जि. सांगली